स्टोकर्सचा नवा डावखुरा

टुसॉन, अ‍ॅरिझोना
४ एप्रिल १९८३

प्रिय एमिल,

उभा असशील तर आधी बस. आपला डेनी, माझ्या बहिणीचा, आपल्या बेसबॉल संघाच्या, स्टोकर्सच्या, कचेरीत तिकिटांचं काम बघतो तो, त्याचा काल फोन आला होता. स्टोकर्सनी वेड स्टिगलला घेतलंय! करारावर सह्या झाल्या, येत्या आठवड्यात तो पोर्ट हॅलमला येतोय. मी स्वयंपाकघरात असा काही ओरडलो की वर्ना दम्याचा पंप घेऊन धावत आली. तिला वाटलं, मलाच काहीतरी झालं.

अरे, वरच्या लीगमध्ये खेळलेला माणूस! खांदा दुखावला म्हणून त्यांनी सोडला आणि आपल्यासारख्या खालच्या लीगमधल्या गरिबांच्या झोळीत पडला. तोही डावखुरा! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. गेल्या वर्षीचा तो लांब मानेचा पिचर आठवतोय ना? तो चेंडू टाकायचा, समोरचा बॅटर तो भिरकावून द्यायचा आणि आपण दोघं, चेंडू तलावात पडल्याचा आवाज येतोय का, म्हणून कान टवकारून बसायचो. यंदा ते दिवस संपले.

आता माझं एक काम कर. पहिल्या सामन्यापासून सगळं लिहून पाठव. त्याचा हात कसा वर जातो, बॅटर कसे गोंधळतात, कोण शिव्या देतं, सगळं. इथल्या रेडिओवर स्टोकर्स लागत नाहीत. वर्नाच्या छातीसाठी या निवडुंगाच्या देशात येऊन पडलोय. मला जे दिसतं ते तुझ्याच पत्रातून दिसतं. माझ्या खुर्चीवर तुझा कोट ठेव, कुणाला टेकू देऊ नकोस.

कारखाना अजून बंदच आहे असं डेनी म्हणत होता. फ्रँक दुलाकसारखी माणसं दिवसभर ओट्यावर बसून असतात म्हणे. गावाला काहीतरी हवंच होतं रे. देवानं पाहिलं.

तुझी लेक मार्ला कशी आहे? त्या मोटार अपघातानंतर तिच्या उजव्या कानात काही सुधारणा? तिला सांग, ऑर्व्हिलकाकानं आठवण काढलीय.

तुझा,
ऑर्व्हिल


पोर्ट हॅलम, ओहायो
१७ एप्रिल १९८३

प्रिय ऑर्व्हिल,

पत्र मिळालं. इथं अजून धक्क्याजवळ बर्फ आहे. खनिजाचं पहिलं जहाज परवा आलं, पण उतरवून घ्यायला माणसं थोडी आणि माल त्याहून थोडा. मी अजून क्रेनवर कामाला असतो तर जेवणाच्या सुट्टीआधी मोकळा झालो असतो.

यंदा मी हंगामाचं तिकीट घेतलेलं नाही. गुडघे पायऱ्या चढू देत नाहीत. तुझी खुर्चीही सोडली. तुला विचारायला हवं होतं, राहून गेलं.

स्टिगलबद्दल मला काही सांगता येणार नाही. डेनीला लिही, तो कळवेल.

मार्ला बरी आहे. औषधांच्या दुकानातली नोकरी चालू आहे. कान तसाच आहे.

वर्नाला नमस्कार.

एमिल


टुसॉन
२९ एप्रिल १९८३

एमिल, लेका,

हे पत्र तूच लिहिलंस की तुझ्या नावानं विम्याच्या माणसानं? मी दोनदा वाचलं, मग वर्नाला वाचायला दिलं. ती म्हणाली, "याच्या घरात कुणीतरी गेलंय." मी म्हटलं, गेलं असतं तर त्यानं कळवलं असतं.

गुडघ्यांचं मला सांगू नकोस. नाताळात हेच गुडघे घेऊन तू स्लोव्हाक सभागृहात दुलाकच्या बायकोबरोबर पोल्का नाचलास. डेनीनं सगळं सांगितलंय. आपण तिसऱ्या बेसच्या मागं बसायला लागलो तेव्हा मार्ला पाळण्यात होती. पावसात बसलो, संपात बसलो, तुझी अ‍ॅना गेली त्या वर्षीही तू आलास आणि सबंध सामनाभर एक शब्द बोलला नाहीस. मी शेजारी बसून दाणे खात होतो. आणि आता, आयुष्यात पहिल्यांदा आपल्याकडे खराखुरा पिचर आला, तर तू घरी?

मला वाटतं तुला उदासीनं धरलंय. आपल्या वयाला धरते. माणूस खिडकीत बसतो आणि म्हणतो, काही नको. इथं आमच्या गल्लीत असे पाच-सहा आहेत, ओळीनं खुर्च्या टाकून निवडुंगाकडे बघत असतात. तुला मी तसा होऊ देणार नाही. माझ्या डोक्यात एक गंमत आहे. काय ते विचारू नकोस. फक्त शनिवारी दाढी करून ठेवत जा.

तुझा,
ऑर्व्हिल

ता. क. डेनी म्हणतो, पहिल्या तीन सामन्यांत स्टिगलच्या चेंडूला कुणी बॅटसुद्धा लावू शकलं नाही. माझ्या जिवाची नुसती तगमग चाललीय.


टुसॉन
२५ मे १९८३

अरे छुप्या रुस्तम!

डेनीनं वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलं. मी ते फ्रिजवर डकवलंय. तू, तुझा तो तपकिरी स्वेटर आणि तुझा हात हातात घेतलेला साक्षात वेड स्टिगल! खाली छापलंय, 'स्टोकर्सचे सर्वांत जुने चाहते एमिल होर्व्हाट यांच्या दारात स्टिगल.' मागं दारात मार्ला, केसांना टॉवेल गुंडाळलेली. बिचारीला आवरायलासुद्धा वेळ मिळाला नाही वाटतं.

आता सांगतो. ती गंमत माझी होती. क्लब दर महिन्याला एका जुन्या चाहत्याच्या घरी खेळाडू पाठवतो ना, मी डेनीच्या मागं लागून तुझं नाव घालायला लावलं. म्हटलं, एमिल मैदानावर येत नाही तर मैदान एमिलकडे जाऊ दे. कशी वाटली?

फोटोत तुझा चेहरा जरा लाकडासारखा आहे, पण तू तुझ्या लग्नाच्या फोटोतही तसाच आहेस.

आता तरी लिही! काय बोलला तो? हात कसा आहे त्याचा? तुझ्या पत्राची वाट पाहतोय.

ऑर्व्हिल


पोर्ट हॅलम
६ जून १९८३

प्रिय ऑर्व्हिल,

हे पत्र मी पुन्हा पुन्हा सुरू केलं आणि फाडलं. मार्लाला विचारून लिहितोय. ती म्हणाली, "काकांना सांगा. नाहीतर ते पुढच्या वेळी त्याला जेवायलाच पाठवतील."

मार्ला दक्षिणेत नोकरीला होती तेव्हा एका माणसाबरोबर राहत होती. तुला एवढंच सांगितलं होतं की ती विमानतळावर काम करते. माणसाचं सांगितलं नाही, कारण लग्न झालेलं नव्हतं आणि मी जुन्या वळणाचा. तो माणूस वेड स्टिगल.

मोटार अपघात झाला नव्हता. तू आयुष्यभर डावखुऱ्या पिचरसाठी नवस केलेस. डावखुरा माणूस समोर उभा राहून मारतो तेव्हा ते उजव्या कानावर बसतं. त्या गावचे पोलीस आले होते. त्यांनी त्याला ओळखलं, दारात उभे राहून त्याच्याशी खेळाबद्दल बोलले आणि "घरातलं भांडण घरात मिटवा" म्हणून निघून गेले. तिनं मला बस स्टँडवरून फोन केला. मी रात्रंदिवस गाडी चालवत गेलो आणि तिला घेऊन आलो. येताना तिनं मला एकच वचन मागितलं, की हे गावात कुणालाही कळता कामा नये. मी दिलं. अपघाताची गोष्ट आम्ही दोघांनी गाडीत बसून रचली.

आता त्या शनिवारचं. मी दार उघडलं तर ओट्यावर क्लबचा माणूस, फोटोग्राफर आणि तो. माझ्या मते त्याला घर माहीत नव्हतं. पाटीवरचं नाव वाचून तो थबकला, ते मी पाहिलं. पण तोवर अख्खी गल्ली जमली होती. कारखान्यातून काढलेली सगळी माणसं. फ्रँक दुलाक तर चक्क टोपी हातात घेऊन उभा होता, चर्चमध्ये उभं राहावं तसा. ऑर्व्हिल, गेल्या वर्षभरात त्या माणसांच्या तोंडावर मी असा उजेड पाहिलेला नाही.

मागून मार्ला आली. तिला वाटलं पोस्टमन आहे.

तो म्हणाला, "हॅलो, मार्ला."

फोटोग्राफरनं विचारलं, "अरे वा, ओळख आहे वाटतं?"

"नाही," मार्ला म्हणाली. "माझं नाव क्लबनं कळवलं असेल. स्टिगलना काय, सगळं गावच ओळखतं."

माझा उजवा हात वर येत होता. मारायलाच येत होता, खोटं कशाला सांगू. अडुसष्टाव्या वर्षी मी त्याला काय मारणार होतो कोण जाणे, पण हात येत होता. तेवढ्यात मार्ला माझ्या पाठीमागे येऊन, ओठ न हलवता म्हणाली, "हात मिळवा बाबा. लवकर आटपेल."

मी हात मिळवला. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, जरा हसा की!" दोनदा काढावा लागला, पहिल्यात माझे डोळे मिटले होते. मग स्टिगल स्वतःची सही केलेला चेंडू देऊन गेला. फ्रँक तो चेंडू दुरूनच बघत होता, मी त्यालाच देऊन टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सगळे गेल्यावर मार्लानं केस वाळवले. मग जेवायला बसलो. ती म्हणाली, "चांगलं केलंत." मुलगी बापाला असं म्हणते आणि बाप पुढचा घास खातो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी समजत होतो की तिनं खाल्ला. आता दोघांच्या वाट्याला आलाय.

तो फोटो दुकानाच्या काचेवर लावलाय, तिच्या दुकानाच्या. मालकानं कौतुकानं लावला. रोज सकाळी तिला त्याच्याखालून आत जावं लागतं.

तुझ्यावर राग नाही. काही दिवस होता. तुला माहीत नव्हतं, आणि माहीत नसावं अशी सोय मीच केली होती.

एमिल


टुसॉन
११ जून १९८३

एमिल,

काय लिहू? वर्नानं पत्र वाचलं आणि फ्रिजवरचं कात्रण काढून शेगडीवर धरलं.

मी माझ्या हातानं त्याला तुझ्या ओट्यावर आणून उभा केला. वर दाढी करून ठेव म्हणालो.

कालपासून डेनीला फोन लावतोय आणि पहिली घंटा व्हायच्या आत ठेवून देतोय. तुझ्या परवानगीशिवाय बोलणार नाही, पण परवानगी दे. क्लबच्या मालकाला लिहितो. वर्तमानपत्राला लिहितो. नाव तुझं नको, मार्लाचं नको, माझंच घाला. तेही नको असेल तर मी येतो. काठी घेऊन येतो. हसू नकोस. मी हसत नाहीये. मी त्याला मैदानाच्या दारात गाठीन आणि चारचौघांत विचारीन. फार तर काय, म्हाताऱ्याला उचलून बाहेर ठेवतील.

काहीतरी सांग रे करायला. सांगशील ते करतो. इथं बसून नुसतं हे निवडुंग बघत राहायचं म्हणजे छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. वर्नाला रोज असंच होतं म्हणे. आज मला कळलं.

ऑर्व्हिल


पोर्ट हॅलम
२३ जून १९८३

प्रिय ऑर्व्हिलकाका,

बाबांनी तुमचं पत्र मला दिलं. उत्तर मीच देते म्हटलं.

काही करू नका. येऊ नका, लिहू नका, डेनीशीही बोलू नका. तुम्ही रागावाल, पण जरा ऐका. आज या गावात मी कोण आहे? औषधांच्या दुकानातली मार्ला. डाव्या बाजूनं बोललेलं ऐकू येतं, जरा तुटक आहे, पण गोळ्या बरोबर देते. उद्या हे बाहेर आलं की मी मरेपर्यंत स्टिगलची ती बाई होईन. निम्मे लोक माझी कीव करतील. उरलेले म्हणतील, हिनं आमचा पिचर घालवला. फ्रँक दुलाक काही म्हणाला नाही तरी माझ्याकडे बघणार नाही. हे सगळं मी अंथरुणात पडून हजारदा मोजून पाहिलंय. दर वेळी हिशेब तोच येतो.

बाबांना मी एक सांगितलेलं नाही, ते तुम्हाला सांगते. तो दुकानात आला होता. दुपारी, दुकान रिकामं असताना. खांद्याला लावायचं मलम हवं होतं. कदाचित खरंच हवं असेल. तो म्हणाला, "मी आता पीत नाही. चर्चला जातो. तुझी माफी मागायची होती, पण कुठं आहेस ते ठाऊक नव्हतं."

त्यानं सुटे पैसे दोनदा मोजले आणि दोनदा चुकला, काका. आधी मी त्याला असा कधी पाहिला नव्हता. माझे हात मात्र स्थिर होते. मलम पिशवीत घातलं आणि म्हटलं, "दिवसातून दोनदा लावायचं. डोळ्यांत जाऊ देऊ नका."

त्यानं पिशवी घेतली, पण निघाला नाही. मी काहीतरी म्हणावं, म्हणजे त्याला झोप लागेल, असं काहीतरी त्याला हवं होतं. ते माझ्याजवळ नव्हतं. असतं तरी दिलं असतं की नाही, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो आजवरचा सर्वांत चांगला खेळला. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला तेच सांगत होतं, डोकेदुखीची गोळी मागता मागता.

तो खरंच सुधारला असेल. असूही शकतो. पण मग मी त्याचं काय करू? माणूस सुधारला म्हणून कान परत येत नाही. आणि तो सुधारलाय हेसुद्धा आता मीच सांभाळायचं?

मला त्याची भीती वाटत नाही. त्रास होतो तो रेडिओचा. संध्याकाळी प्रत्येक खिडकीतून त्याचं नाव येतं. फुटक्या कानाची बाजू वर करून झोपते, तेवढा एक फायदा.

आता दुसरी गोष्ट. ही तुमच्या पोटात ठेवा. डलुथच्या एका इस्पितळातल्या औषध विभागात मी अर्ज केलाय. जमलं तर ऑगस्टअखेर जाईन. बाबांना सांगितलं की ते म्हणतील, मीही येतो. आणि त्यांना इथून उपटलं तर ते जगायचे नाहीत. धक्का, सभागृह, आईची कबर, सगळं इथं आहे. म्हणून नक्की झाल्यावरच सांगेन.

तुमच्याकडे मागणं एकच. बाबा माझ्यासाठी खेळ सोडून बसलेत. रेडिओही लावत नाहीत. संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन खिळे निवडतात, मोठे एका डब्यात, छोटे दुसऱ्या. त्या माणसानं माझं जे नेलं ते नेलं. बाबांचं तरी जाऊ नये. त्यांना पत्रं लिहीत राहा. खेळाबद्दल विचारा. दुसऱ्या पिचरांबद्दल विचारा, पण विचारा.

वर्नाकाकूंना माझा नमस्कार. कात्रण जाळलं हे बरं केलं त्यांनी.

तुमची,
मार्ला


टुसॉन
१२ जुलै १९८३

प्रिय एमिल,

इथं उकाडा फार आहे. वर्नाची छाती बरी आहे. निवडुंगाला लाल फळं आलीत, शेजारीण त्यांचा मुरंबा करते, तो औषधासारखा लागतो.

मार्लाचं पत्र पोचलं. तिचं म्हणणं मला पटलं असं नाही, पण ती म्हणते तसं वागेन.

स्टोकर्सचा तो नवा कॅचर कसा आहे? म्हणजे सहज विचारलं. नाही लिहिलंस तरी चालेल. लिहिलंस तर बरं वाटेल.

तुझा,
ऑर्व्हिल


पोर्ट हॅलम
२९ ऑगस्ट १९८३

प्रिय ऑर्व्हिल,

मार्ला काल डलुथला गेली.

तुला ठाऊक होतं. तुझ्या जुलैच्या पत्रात एकही विनोद नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी समजलो, तू माझ्याशी बोलायला बिचकतोयस. तिनं तुला गप्प राहायला सांगितलं असणार. तिला ते जमतं.

तिनं मला गेल्या रविवारी सांगितलं, चर्चहून येताना. मी म्हटलं, "मी घर विकतो." ती म्हणाली, "बंद कारखान्याच्या गावात घर घेणार कोण?" मग मी म्हटलं, "त्यानं जायला हवं. तू का?" ती म्हणाली, "तो जाईलच बाबा. वरच्या लीगवाले बोलावतील, मग पुढचा हंगाम, पुढचं गाव. पण मी त्याच्या जाण्याची वाट पाहत बसले तर तेही त्याच्यासाठीच थांबणं झालं ना?" यावर तुला काही सुचत असेल तर कळव.

काल दुपारी तिला घेऊन बस स्टँडवर गेलो. दोन पेट्या, एक दिवा आणि तिच्या आईचं शिवणयंत्र. यंत्र मी चांगलं दोरीनं बांधून दिलं. स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत रेडिओ लावलेला आणि भोवती ही गर्दी. स्टोकर्सचा सामना चालू होता. शेवटचा डाव, आपण एकानं पुढं, तिन्ही बेसवर त्यांची माणसं, दोघं बाद, तिसरा बाद झाला की सामना आपला. चेंडू टाकायला तो. त्या विजयावर लीगचं विजेतेपद होतं. डेनीनं तुला कळवलं असेलच.

बसची वेळ झाली. मार्ला चढली, खिडकीशी बसली. काच उघडेना, म्हणून आतूनच हातानं काहीतरी सांगत होती. मला कळत नव्हतं, मी नुसती मान हलवत होतो. ड्रायव्हर खाली उभा. त्याचं लक्ष रेडिओकडे. मला म्हणाला, "आजोबा, हा शेवटचा बॅटर होऊ दे, मग निघतो. कुणाची हरकत नाही ना?" कुणाची असणार? निम्मे प्रवासीच खाली उतरून ऐकत होते.

बॅटरचे दोन चेंडू हुकले, दोन स्ट्राइक झाले. तिसरा झाला की संपलं. त्या बॅटरनं चेंडू रेषेबाहेर मारला. तुला सांगायला नको, असा मारला की तो बाद होत नाही, चेंडू पुन्हा टाकावा लागतो. बस उभीच. पुन्हा टाकला, पुन्हा रेषेबाहेर. लोक हळहळले. ऑर्व्हिल, मी हळहळलो नाही. मी तिच्याकडे बघत होतो. तिनं आरशात बघून केस नीट केले, पिशवीतून सफरचंद काढलं, परत ठेवलं. पुन्हा रेषेबाहेर.

मी आयुष्यात त्या पोराचं नाव ऐकलं नव्हतं, विरुद्ध बाजूचा कुठला तरी बॅटर. मी मनात म्हणत होतो, मार, पोरा, मार. आत नको, बाहेरच मार. जिंकू नको, हरू नको. आणखी एक. माझ्या शेजारी फ्रँक दुलाक डोळे मिटून प्रार्थना करत होता आणि त्याच्या प्रार्थनेच्या उलट मी प्रार्थना करत होतो. तीस वर्षं आपण बाकावर बसून म्हणालो, संपव रे, संपव एकदाचा. काल मला वाटलं, हा डाव संपूच नये. तो माणूस दमत होता, रेडिओवाला सांगत होता की तो खांदा चोळतोय. आणि मला, देवा शपथ, त्याला अजून थोडी ताकद असावी असं वाटत होतं. त्यानं टाकत राहावं, त्या पोरानं मारत राहावं, आणि बस उभी राहावी.

मार्लाला काय चाललंय ते कळलं असावं. तिची चांगली बाजू रेडिओकडे होती. ती माझ्याकडे बघत होती आणि एकदम हसली. तिला तिथून उठवून घरी न्यावं असं मला वाटलं. पण मी होतो तिथंच उभा राहिलो. सांगून ठेवतो, बाप म्हणून माझ्या हातात त्या वेळी एका अनोळखी पोराचा मोडका-तोडका फटका सोडून दुसरं काही नव्हतं.

मग तिसरा स्ट्राइक गेला. लोक एवढे ओरडले की कबुतरं उडाली. फ्रँकनं मला मिठी मारली, त्याचे गाल ओले होते. म्हणाला, "जिंकलो, एमिल! जिंकलो!" माझा चेहरा त्याच्या खांद्याआड गेला होता. ती मिठी सोडवून घेईपर्यंत ड्रायव्हर चढला होता आणि बस कोपऱ्यावर वळत होती.

एमिल